ऊन पाण्याचा देव आणि रात्रीची लाईट

पहिला दिवस : भुसावळ, यावल, अडावद, उनपदेव

सकाळी साडेसहाला मामाची ओम्नी दारात उभी. जानेवारीचा गारठा असा की काचेवरचं दव पुसायला मामाने स्वतःचा मफलर काढला. आजी ओट्यावर आली, हातात स्टीलचा थर्मास. "उनपदेवाले चालले ना? मंग येताना पाणी आण. गुडघ्याले लावते." थर्मास माझ्या मांडीवर आणि आम्ही निघालो.

या प्रवासाला कारण माझ्या वर्गातला एक पोरगा. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. उष्मागतिकी, म्हणजे उष्णतेतून काम कसं निघतं त्याचं शास्त्र, चालू होतं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, उनपदेवाचं पाणी फुकटात गरम आहे, मग त्याच्यावर लाईट का नाही करत?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. पोरगा गप्प बसला, पण पटलेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. संक्रांतीला जोडून सुटी होती, आणि मामाला बाहेर पडायला निमित्तच हवं असतं. मामाने चाळीस वर्षं भुसावळात फ्रीज आणि एसी दुरुस्त केले. गॅस भरता भरता त्याला जेवढी उष्मागतिकी कळली, तेवढी माझ्या अर्ध्या वर्गाला परीक्षेच्या आदल्या रात्रीही कळत नाही.

भुसावळात वाढलेल्या माणसाला वीज कुठून येते हे शिकवावं लागत नाही. दीपनगरच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात. ५०० मेगावॉटचे दोन संच, आणि आता शेजारी ६६० चा. वाघिणी भरभरून कोळसा येतो, जळतो, त्याची वाफ होते, वाफेवर चक्र फिरतं. जमिनीतली वाफ आयती मिळाली तर कोळशाचं कामच नाही, हे इटलीतल्या लार्देरेल्लोच्या पिएरो जिनोरी कोन्ती यांना १९०४ मध्ये सुचलं. त्यांनी त्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले. १९१३ मध्ये तिथेच २५० किलोवॉटचं केंद्र उभं राहिलं. हे मी यावलच्या रस्त्यावर मामाला सांगत होते, तेव्हा तो गचके चुकवत होता.

"पाच दिवे? आपल्या घरात त्याच्याहून जास्त लागतात."

"सुरुवात होती मामा."

"मी कुठं काय म्हणलं? सुरुवात पाच दिव्यांचीच पाहिजे. सुरुवातीलाच पाचशे म्हणणाऱ्यांनी माझे पैसे बुडवलेत."

यावल, किनगाव, धानोरा. दोन्ही बाजूंना केळी. थंडीने पानं पिवळी पडलेली, घडांना निळ्या पिशव्या. अडावदला कचोरी खाल्ली आणि उत्तरेला सातपुड्याकडे वळलो. फाटा सोडला की केळी मागे पडते, रस्ता आक्रसतो, आणि डोंगर एकदम अंगावर येतो.

उनपदेवाला पोचलो तेव्हा गोमुखाभोवती वाफ दिसत होती. उन्हाळ्यात ती दिसत नाही. पौषातल्या यात्रेची दुकानं लागलेली, रेवड्या, फुगे, प्लास्टिकच्या बांगड्या. कुंडात पोरं डुंबत होती. एक आजोबा काठावर बसून तळपाय पाण्यात घालत, बाहेर काढत, परत घालत होते. मी चपला काढल्या तसं म्हणाले, "पानी ऊनं शे, जपीसन टाका."

ऊन हा आपला फार कामाचा शब्द आहे. ऊन पडतं, ऊन लागतं, आणि भातही ऊन ऊन वाढतात. कोकणातली उन्हेरे, उन्हवरे ही गावं याच शब्दाची. इथे तर त्याला थेट देव केलंय. शेजारचे त्याचे भाऊबंद सुनपदेव आणि निझरदेव. कथा सांगतात ती अशी: शरभंग ऋषींना त्वचेचा आजार झाला होता, रामाने बाण मारला आणि ऊन पाणी काढून दिलं. पाण्यातल्या गंधकाचा वास घेत ती कथा ऐकली की निदान डॉक्टरकीच्या अंगाने तरी ती खोटी वाटत नाही.

मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर गोमुखाच्या धारेखाली धरला. पारा साठाच्या एक-दोन रेघा खाली थांबला. भोवतीची हवा १४. ताबडतोब चार जणांनी "ताप आहे का?" विचारून घेतलं. थर्मास भरला, बूच घट्ट लावलं.

मग मामाने कुंडाच्या पायरीवर खडूने फ्रीज काढला.

"हे बघ. फ्रीज वीज खातो आन उष्णता थंडाकडून गरमाकडे ढकलतो. मंग तोच उलटा फिरव. उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहू दे, मधी चक्र लाव, वीज बाहेर काढ. फ्रीजमधला १३४ए गॅस उणे २६ अंशाला उकळतो. त्याच्यासाठी हे पाणी म्हणजे भट्टी आहे भट्टी!"

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जची गोष्ट सांगितली तेव्हा तो खडू हातात धरून नुसता बघत राहिला. चेनाला ७४ अंशांचं पाणी आहे, बस्स. उकळतही नाही. तिथे २००६ मध्ये मोठ्या इमारतींना गारवा देणारं चिलर यंत्र उलटं चालवून, हाच १३४ए गॅस वापरून, २०० किलोवॉटचा संच लावला. मग दुसरा. तोवर डिझेलवर चालणारं ते ठिकाण ऊन पाण्यावर उजळलं.

"मंग आपण काय कमी? तिथं ७४, इथं ५८-५९."

इथेच माझ्या वर्गातल्या पोराचं उत्तर होतं, आणि ते पाण्यात नव्हतं, हवेत होतं. चेनाला शेजारून जो ओढा वाहतो, त्याचं पाणी चार-पाच अंशांचं. म्हणजे गरम आणि थंड यांच्यात सत्तर अंशांचा उतार. वीज उष्णतेतून निघत नाही, या उतारातून निघते. धरणात पाणी कितीही असो, खाली पडायला जागा नसेल तर चक्र फिरणार नाही, तसंच. आज जानेवारीत आपल्याकडे उतार ४५ अंशांचा आहे, ठीक. पण मे महिन्यात? जळगावची हवा ४५ वर जाते. यंत्राची थंड बाजू ४० वर धरली तरी कार्नो या फ्रेंच अभियंत्याचं गणित सांगतं की उष्णतेतला फार तर ६ टक्के भाग वीज होऊ शकतो, तेही आदर्श यंत्र असेल तर. खरं यंत्र त्याच्या निम्मंच देईल. थंड बाजूचं तापमान खाली आणायला पाणी शिंपडून गार करणारा मनोरा (कूलिंग टॉवर) लावता येतो, पण तो पाणी उडवूनच गार होतो. मे महिन्यात खानदेशात यंत्राला प्यायला पाणी द्या म्हणायला मी तरी कुठल्या ग्रामसभेत उभी राहणार नाही.

पायरीवरच हिशेब केला. धार सेकंदाला १ लिटर धरू, ते पाणी ६० वरून ४० पर्यंत निववलं तर ८४ किलोवॉट उष्णता मिळते. तिची वीज दोन-अडीच किलोवॉट. शेतातली पाच हॉर्सपॉवरची मोटर पावणेचार किलोवॉट ओढते. म्हणजे देवाने एक मोटरही चालवून दिली नसती.

मामाने चित्र पायाने पुसलं. जरा रागाने.

रात्री अडावदजवळ मामाच्या एका मित्राच्या शेतात मुक्काम. भरताचा बेत होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी लांबट वांगी भाजली, बडजीत कुटली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकरी. जेवण साडेनऊला आटोपलं आणि घरधन्याने बॅटरी चार्जिंगला लावली. मी म्हटलं झोपायचं ना आता? तर म्हणाले, "लाईट बाराले येस. गहूले पानी देनं शे."

शेतीच्या फिडरला आठ तास वीज, काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. या आठवड्यात रात्रीची होती. बारा वाजून दहा मिनिटांनी स्टार्टरवरचा दिवा लागला. आम्ही तिघं बांधावरून गेलो. बॅटरीच्या उजेडात आधी पायाखाली बघायचं, मग पुढे. गव्हात पाणी शिरतं तेव्हा कोरड्या मातीचा बारीक चुरचुर आवाज येतो, तो दिवसा कधी ऐकू आला नव्हता. घरधनी अनवाणी, हातात फावडं, सरीचं तोंड फोडायचं, दुसरं बुजवायचं. पायाखालचं पाणी बर्फासारखं. पावणेदोनला लाईट गेली, अडीचला आली, आणि तो माणूस तोवर बांधावर बिडी ओढत बसून राहिला, कारण घरी गेलं आणि लाईट आली तर परत यावंच लागतं. भरवशाची वीज म्हणजे काय ते मी पुस्तकातून शिकवते. त्या पाऊण तासात कळलं की त्यातला भरवसा हा शब्द विजेपेक्षा मोठा आहे.

झोपण्यापूर्वी थर्मासमध्ये थर्मामीटर घातला. ४७.

दुसरा दिवस : चोपडा, शिरपूर, शहादा, नंदुरबार

सकाळी थर्मास ३९ वर. मामाने डायरीत आकडा लिहिला. त्याला आता चाळाच लागला होता.

चोपड्यावरून शिरपूरकडे. रस्ता तापीला समांतर जातो, उजव्या हाताला सातपुडा सोबत करतो. या सोबतीतच सगळी भूगर्भाची गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन मोठ्या भेगांनी चिरलेली आहे. शोण, नर्मदा आणि तापी या तिन्ही नद्या ज्या पट्ट्यातून वाहतात तो सगळा असाच चिरलेला. पावसाचं पाणी या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. लोक म्हणतात आपल्या काळ्या दगडाखाली लाव्हा अजून तापलेला आहे. नाही. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवला. ऊन आहे ते खोलीचं.

याच पट्ट्यात छत्तीसगडला तातापानी आहे, तिथलं पाणी जवळजवळ उकळीला टेकतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरात अशी ३८१ ठिकाणं नोंदवली आहेत आणि सगळी मिळून १०,६०० मेगावॉटचा अंदाज बांधला आहे. प्रत्यक्षात काय? हिमाचलात मणिकरणला ५ किलोवॉटचा प्रायोगिक संच होता, त्यावर दरड आली. लडाखच्या पुगा खोऱ्यात १ मेगावॉटसाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला, पण चौदा हजार फुटांवर भोक पाडायचं म्हणजे उन्हाळ्याचे चार महिनेच हातात. तेलंगणात मणुगुरूला २० किलोवॉटचा संच लागला, तोही सिंगरेणीच्या कोळसा खाणींच्या मुलखात. हे ऐकून मामा खूप हसला. "म्हणजे कोळसावाल्यांनीच बिनकोळशाची लाईट केली!" केंद्र सरकारचं भूऔष्णिक ऊर्जेचं धोरण २०२५ च्या सप्टेंबरात आलं. कागदावरून बोअरपर्यंत ते कधी उतरतं बघायचं.

तर आता बोअर. शिरपूरच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो आणि समोर बोअरची गाडी उभी. ऑपरेटर आणि दोन पोरं नाश्ता करत होती. या तालुक्यात पाण्याची गोष्ट काढायला संकोच लागत नाही. सुरेश खानापूरकरांनी इथे नाले खोल-रुंद करून पाणी जिरवण्याचं जे काम केलं ते बघायला गावोगावचे लोक येऊन गेलेत.

मी विचारलं, किती खोल जाता?

"सहाशे, सातशे. कुणी हट्टच केला तर हजार फूट."

"तेरा हजार जायचं असेल तर?"

त्याने पोह्याचा घास गिळला, आधी माझ्याकडे, मग मामाकडे पाहिलं. माणसाला बायकोसमोर वेडं ठरवायचं की भाचीसमोर, याचा अंदाज घेत असावा. "मॅडम, तेवढ्यावर पाणी नाही, पाताळ लागतं."

मला पाताळच हवं होतं. साध्या जमिनीत दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात. जमिनीवर २८ अंश धरले तर दीडशे अंश गाठायला चार किलोमीटर, म्हणजे तेरा हजार फूट. भेगांच्या पट्ट्यात वाढ जास्त असेल तर कमी खोलीत भागेल. दीडशे अंश मिळाले की मे महिन्याची हवा आडवी येत नाही. उतार शंभराच्या वर जातो आणि मामाचा उलटा फ्रीज खऱ्या अर्थाने चालतो. पाणी वर आणायचं, त्याची उष्णता दुसऱ्या द्रवाला द्यायची, आणि निवलेलं पाणी दुसऱ्या बोअरने परत खाली सोडायचं. परत सोडणं महत्त्वाचं. नाहीतर खालचा साठा आटतो, आणि वर आलेले क्षार नदीत जातात.

अडचण पैशाची आणि नशिबाची. या धंद्यात निम्मा खर्च वीज निघण्याआधी होतो, जमिनीत. दगड तापलेला निघाला पण पाणीच नाही, असंही होतं. मग पाणी दाबाने सोडून खडक फोडावा लागतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला २००६ मध्ये असंच करताना भूकंपाचे धक्के बसले आणि काम थांबलं. १९९७ चा जबलपूरचा भूकंप ज्या पट्ट्यात झाला, त्याच पट्ट्याचं आपण पश्चिम टोक. तेव्हा घाई नको. पण सातपुड्याच्या पायथ्याशी एक तरी खोल, नीट मोजलेलं भोक सरकारी खर्चाने पडायलाच हवं, असं माझं ठाम मत झालंय. शेतकरी दीड लाखाच्या बोअरचा जुगार स्वतःच्या खिशातून खेळतो, तो एकदा सरकारने खेळून बघावा. हे मी टपरीवर मोठ्याने म्हटलं आणि ऑपरेटरने माझा चहा स्वतःच्या हिशेबात लावला.

शहाद्याकडेही एक उनपदेव आहे, तोही बघायचा होता. पण शहाद्याच्या अलीकडे टायर गेलं, स्टेपनी काढली तर तीही बसलेली. पंक्चरवाला नमाजाला गेलेला. दोन तास तिथेच. प्रकाशाला तापी ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. थर्मास ३१.

तिसरा दिवस : नंदुरबार, साक्री, धुळे, घर

नंदुरबारची मिरची पथारी बघायची तर नाकाला रुमाल बांधूनही उपयोग होत नाही. गावाबाहेर मोकळ्या मैदानांवर लाल मिरची पसरलेली, नजर जाईल तिथवर. मिरचीच्या बाजारात गुंटूरनंतर नंदुरबारचंच नाव घेतात. बायका डोक्याला फडकं गुंडाळून, हातांना तेल लावून मिरची पालथी करत पुढे सरकत होत्या. आम्ही दोघं पाच मिनिटांत शिंकून बेजार, त्यांच्यातली एक हसून म्हणाली, "आमले काहीच होत नई आथा."

ऊन कोवळं होतं आणि पश्चिमेला ढग. व्यापाऱ्याचा माणूस दर दोन मिनिटांनी ढगाकडे बघत होता. ताडपत्र्या कडेला घड्या घालून तयार. बेमोसमी सर आली की पथारीवरची मिरची भिजते, पांढरी पडते, बुरशी धरते. भाव निम्म्यावर. मिरची वाळवायला लागते ती उष्णता पन्नास-साठ अंशांची.

पन्नास-साठ! परवा कुंडाच्या पायरीवर जे आकडे विजेसाठी केविलवाणे होते, तेच इथे चोख बसत होते. सेकंदाला एक लिटरच्या धारेतली ८४ किलोवॉट उष्णता थेट वाळवणीला दिली, निम्मी वाया गेली तरी तासाला ५०-६० किलो पाणी उडवते. दिवसा, रात्री, ढग असो नसो. आइसलंडमध्ये जमिनीतल्या उष्णतेवर माशांची मुंडकी वाळवतात आणि ती नायजेरियाला जातात, तिथे त्यांची आमटी करतात. केनियात नैवाशा तळ्याकाठी गुलाबांची हरितगृहं याच उष्णतेवर ऊबदार ठेवतात. त्याच केनियात ओलकारियाला १९८१ पासून वीजही होते. आम्ही मात्र विजेवाचून बोलायलाच तयार नाही.

मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मामाने शांतपणे थर्मासचं बूच काढलं, थर्मामीटर घातला, माझ्यापुढे धरला. २८.

"दोन दिवसांत निवलं. याच्यावर एक मिरची वाळव."

बरोबर होतं त्याचं. वीज तारेवरून कुठेही जाते, उष्णता पाईपमधून फार लांब जात नाही. अडावदचं ऊन पाणी नंदुरबारच्या मिरचीच्या कामाचं नाही. पण अडावद, धानोरा, किनगावची केळी तर झऱ्याच्या दारात आहे. भाव पडला की बांधावर टाकून द्यावी लागते तीच केळी. तिचे काप वाळवायला कुंडातून वाहून जाणारं पाणी पुरेल. आधी भाविक अंघोळ करतील, मग पुढे पाणी वाळवणघरात जाईल. देवालाही हरकत असू नये, त्याने ते पाणी मुळात औषधासाठीच काढलंय. मामा म्हणाला, कॉईल तो बसवून देईल, जुन्या एसींच्या त्याच्याकडे सतरा पडून आहेत.

दुपारी साक्रीकडे. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. निळ्या पाट्यांचं शेत. ढगांमुळे पाट्यांवर सावल्या पळत होत्या. पुढे ब्राह्मणवेलच्या पठाराकडे पवनचक्क्यांच्या रांगा, आणि त्यातल्या बहुतेक उभ्याच्या उभ्या. जानेवारी हा वाऱ्याचा महिना नव्हे. आषाढात याच ठिकाणी कानात वारं भरतं. सूर्य मावळला, आणि आमच्या नजरेसमोर एवढा मोठा प्रकल्प बघता बघता झोपला. पातं एखादंच हलत होतं. खाली कुठल्याशा शेतात बॅटरीचा उजेड बांधावरून चालला होता. रात्रीची पाळी.

"इथंच पाहिजे होतं तुझं पाताळ," मामा म्हणाला. पुढे धुळ्यापर्यंत काही बोलला नाही.

घरी पोचायला साडेअकरा झाले. आजी जागीच होती. थर्मास हातात घेतला, बूच उघडून बोट बुडवलं.

"हे तं थंड आहे!"

"तीन दिवस झाले आई," मामा म्हणाला.

आजीने आमच्याकडे पाहिलं, पाणी पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला. ऊन झाल्यावर कोपराने बघितलं, फडकं बुडवलं, पिळलं आणि गुडघ्यावर ठेवलं.